मिशी : 40 हिरे

श्रीरामपुरात चाळिशी ओलांडलेला कोणताही गडी गाठा, त्याने लहानपणी झहीर खानला एकदा तरी आऊट केलेलं असतं. झहीर इथे 7 ऑक्टोबर 1978 ला जन्मला आणि सतरा-अठराव्या वर्षी मुंबईला गेला. मधल्या काळात त्याची दांडी उडवणारे सगळे मोजले, तर पोराला शाळेत जायला सवड कधी मिळाली असा प्रश्न पडतो. मी असल्या थापा मारत नाही. ‘झहीरने टाकलेला बॉल मला दिसलाच नाही, नुसता दांडीचा आवाज आला,’ एवढंच मी सांगतो. त्यात नम्रता दिसते आणि पुरावाही कोणी मागत नाही. खरं तर तो मैदानावर घाम गाळत होता तेव्हा मी मराठी टंकलेखन तीसच्या परीक्षेला बसलो होतो.

त्या तीसने मला एका पतसंस्थेत चिकटवलं, आणि आता मी शाखाधिकारी आहे. वेगवान गोलंदाज व्हायचं तेवढं राहून गेलं होतं. ते मी पोट सुटल्यावर मोबाईलवर उरकायला घेतलं.

खेळाचं नाव सांगत नाही. क्रिकेटचा आहे, फुकट मिळतो. त्यात ‘करिअर’ म्हणून एक भाग आहे : आपला स्वतःचा खेळाडू तयार करायचा आणि त्याला गल्लीतून भारतीय संघापर्यंत न्यायचा. चिरंजीव नववीत आहेत, त्यांनीच तो माझ्या फोनवर टाकून दिला. ‘‘पप्पा, एक रुपया लागत नाही,’’ असंही बजावलं. पोरगा खोटं बोलला नव्हता. त्याचा आजतागायत एक रुपया लागलेला नाही.

सुरुवातीला ‘शहर निवडा’ म्हणून यादी आली. तिच्यात श्रीरामपूर नव्हतं, अहमदनगर नव्हतं आणि 2024 पासून लागलेलं अहिल्यानगरही नव्हतं. मुंबई होती. घेतली. या जिल्ह्याला त्याची सवय आहे. झहीर बडोद्याला वळसा घालून मुंबईच्या संघात गेला, आणि संगमनेर तालुक्यातल्या आश्वीत जन्मलेला अजिंक्य रहाणे डोंबिवलीत वाढून मुंबईकडूनच खेळला. आम्ही बारशाचे पेढे वाटायचे आणि पुढे पेपरात ‘मुंबईकर’ वाचायचं.

मग चेहरा. नाक फुकट, हनुवटी फुकट, केसांचे सात प्रकार फुकट. मिशीवर बोट ठेवलं तर कुलूप आलं, आणि खाली लिहिलेलं : 40 हिरे.

‘‘अरे, नगर जिल्ह्याचा फास्ट बोलर, तो बिनमिशीचा?’’

‘‘पप्पा, झहीरला कुठे मिशी होती?’’

‘‘त्याच्याकडे स्विंग होता,’’ मी म्हणालो आणि 89 रुपयांचे 80 हिरे घेतले. नव्या गिऱ्हाइकाला खास सवलत होती. नवं गिऱ्हाईक म्हणून कोणी माझी दखल घेतल्याला फार वर्षं झाली होती.

मिशी छान आली, अगदी फेटा बांधून लग्नात पुढे बसवावी अशी. तिच्याखालचा खेळाडू मात्र 54 गुणांचा निघाला. वेग ताशी 108 किलोमीटर. पहिल्याच सामन्यात यंत्राने मला इतकं धुतलं की समालोचकाकडची विशेषणं संपली आणि तो हवामानावर बोलायला लागला. सामना संपल्यावर पडद्यावर एक प्रशिक्षक उगवला. म्हणाला, ‘तुमच्यात गुणवत्ता आहे.’ हे वाक्य फुकट होतं. पुढचं तसं नव्हतं. ‘सराव सुरू करा. वेग +1. लागणारा वेळ : 8 तास, किंवा 30 हिरे.’

आठ तास म्हणजे काय मोठं? आम्ही प्रवरेच्या कालव्यावरची माणसं. भंडारदऱ्याचं धरण 1926 साली पुरं झालं, तेव्हापासून आमच्या पिढ्या आवर्तनाची वाट बघत आल्या आहेत. पाणी सुटणार, सुटणार म्हणता म्हणता उभा घास वाळतो, पण माणूस बांधावर बसून राहतो. त्या खानदानातला मी, एका किलोमीटरसाठी आठ तास थांबू शकलो नाही.

आता राहिले दहा हिरे. खरी मेख तिथेच होती. बोलरचे बूट 90 हिऱ्यांना होते. दहा हिऱ्यांत काहीच येत नाही आणि ते सोडवतही नाहीत. पुन्हा 89 रुपये दिले की हिरे होतात बरोबर नव्वद, म्हणजे बूट येतात आणि हाती शून्य. शून्यावर करमत नाही. शिवाय हिरे हे एकच चलन नव्हतं. नाणी वेगळी, तिकिटं वेगळी, ऊर्जा वेगळी. हिऱ्यांची नाणी होतात, नाण्यांचे हिरे होत नाहीत, आणि तिकिटं रविवारी मध्यरात्री मरतात. आमच्या संस्थेत सगळा व्यवहार रुपया या एकाच चलनात चालतो, तरी मार्चअखेरीला तेरीज जुळेपर्यंत रात्रीचे अकरा वाजतात. इथे चार चलनं होती, आणि माझी तेरीज रोज जुळत होती. कारण शिल्लक नेहमी दहाच.

आता मुद्द्याचं सांगतो, नाहीतर मी भोळा आहे असा कोणाचा समज व्हायचा. थेंबाथेंबाने पैसे कसे काढायचे हे मला कोणी शिकवायची गरज नाही. माझी भाकरी त्यावरच आहे. आमच्या संस्थेचा कणा म्हणजे पिग्मी. 1928 साली उडुपीकडे डॉ. टी. एम. ए. पै यांच्या बँकेने रोज दोन आणे दारात जाऊन गोळा करायला सुरुवात केली, ती पद्धत पुढे देशभर गेली आणि नगर जिल्ह्यातल्या गल्लीबोळात तर तिने ठाणच मांडलं. दर तिमाहीला मी आमच्या एजंटांचा वर्ग घेतो. माझं ठरलेलं भाषण आहे : ‘‘माणसाकडे महिन्याचे तीन हजार मागा, तो बायकोला विचारतो. रोजचे शंभर मागा, तो गल्ला उघडतो. रक्कम अशी मागा की नाही म्हणायची त्याला लाज वाटली पाहिजे.’’ यावर एजंट माना डोलावतात आणि चहा येतो.

म्हणजे पडद्यावर 89 चा आकडा चमकला तेव्हाच मी ओळखलं होतं, समोर आपल्याच धंद्यातलं कोणीतरी बसलंय. मनातून कौतुक वाटलं. आमचा एजंट दुपारी चारला येतो, पाऊस असला की येत नाही आणि आला की आधी पाणी मागतो. हा बारा महिने चोवीस तास खिशात, पावतीचं मशीन नाही, कमिशन नाही, सुट्ट्याची कटकट नाही. फरक एवढाच की आमच्याकडे वर्षाने मुद्दल परत मिळतं.

त्यात एक जुनं देणंही होतं, असं मी स्वतःला सांगत असे. 2006 च्या अखेरीस ‘क्रिकेट 07’ नावाचा संगणकावरचा खेळ आला होता. त्यात इंग्लंड आणि ऑस्ट्रेलिया सोडले तर बाकीच्यांच्या नावांचा परवानाच नव्हता, त्यामुळे आपली माणसं भलत्याच नावाने खेळायची आणि पोरं कुठून कुठून फायली आणून त्यांची बारशी नव्याने करायची. त्या काळी खेळ एकदाच विकत घ्यावा लागे. आम्ही तेवढाही घेतला नाही. मार्करने नाव लिहिलेली एक सीडी पुण्याहून आली आणि अख्ख्या आळीत फिरली. तेव्हा चुकवलेलं भाडं आता व्याजासकट वसूल होतंय, म्हणून 89 रुपये देताना मला प्रायश्चित्ताचं पुण्यही लागत होतं.

थोडे पैसे गेल्यावर मी अभ्यासाला लागलो. कर्ज मंजूर करून झाल्यावर कागद तपासायचे, ही सवय खात्यातली. तर या विद्येचं मोठं पीठ फुटबॉलमध्ये आहे. 2009 च्या मार्चमध्ये ‘फिफा’च्या खेळात ‘अल्टिमेट टीम’ आली : खेळाडूंच्या पत्त्यांची बंद पाकिटं विकत घ्यायची, आत मेस्सी निघेल की दुसऱ्या फळीतला कोणी बॅक, ते फोडल्यावर कळणार. बास्केटबॉलच्या ‘एनबीए 2के’मध्ये आपला गडी साठ गुणांवर सुरू होतो आणि नव्वदीकडे सरकायला एकतर रात्री जाळाव्या लागतात नाहीतर नोटा. बेल्जियमच्या जुगार आयोगाने एप्रिल 2018 मध्ये असली पाकिटं म्हणजे जुगारच असं ठरवलं, आणि पुढच्या जानेवारीत तिथे ‘फिफा’ची ही विक्री बंद झाली. शेजारच्या नेदरलँड्समध्ये एक कोटी युरोपर्यंतचा दंड ठोठावला गेला होता, तो मार्च 2022 मध्ये वरच्या न्यायालयाने उडवला. म्हणजे एकच पाकीट सीमेच्या अलीकडे जुगार आणि पलीकडे खेळ. हे वाचून मला धीर आला. जिथे मोठमोठ्या न्यायाधीशांचं एकमत नाही, तिथे श्रीरामपूर शाखेने काय ठरवावं?

आपल्याकडे तर प्रश्नच मिटलाय. 22 ऑगस्ट 2025 ला ऑनलाइन गेमिंगच्या कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली आणि पैसे लावून पैसे जिंकण्याचे मोबाईलवरचे खेळ, म्हणजे रमी, फँटसी वगैरे, बंद झाले. त्या आठवड्यात मी एजंटांना ‘ऑनलाइन जुगाराचे दुष्परिणाम’ या विषयावर अर्धा तास सुनावलं. माझा खेळ मात्र त्या बंदीत बसत नव्हता. कारण सोपं आहे. पैसे परत यायची आशा असेल तर तो बंदी घातलेला खेळ. माझ्या खेळात तशी आशाच नाही, पैसे फक्त जातात. म्हणून ते मनोरंजन. मी निर्धास्त झालो.

तरी पकडलं जायची भीती असतेच. पण तीही सोय त्याच वर्षी झाली होती. जुलैमध्ये विधिमंडळात एका मंत्र्यांच्या मोबाईलवर रमी दिसल्याचा व्हिडिओ गाजला. आपण खेळत नव्हतो, आलेली जाहिरात घालवत होतो, असं त्यांचं म्हणणं. महिनाअखेरीला त्यांच्याकडचं कृषी खातं गेलं आणि क्रीडा खातं आलं. खरं काय ते तेच जाणोत, पण तेव्हापासून बायको मागे येऊन उभी राहिली की मीही जाहिरातच घालवत असतो. मला अजून कुठलं खातं मिळालेलं नाही.

सगळ्यात वाईट ‘सुवर्णपेटी’. ती फोडली की पडदा थरथरतो, आतून पिवळा उजेड येतो, ढोल वाजतात. वरच्या कोपऱ्यात, मुंगीला चष्मा लागावा अशा अक्षरात, कुठली वस्तू निघायची शक्यता किती ते छापलेलं असतं. दिग्गजाचं कार्ड निघायची शक्यता शेकडा एकाच्या आत. कर्जदाराने अशी बारीक अक्षरं न वाचता सही केली की मी त्याला अर्धा तास बौद्धिक देतो. इथे मी ती वाचली, पूर्ण समजून घेतली आणि पेटी फोडली. ग्लोव्हज निघाले. यष्टिरक्षकाचे. पुन्हा फोडली. पुन्हा ग्लोव्हज, त्याच रंगाचे. ‘ही वस्तू तुमच्याकडे आहे, बदल्यात 5 नाणी.’ डावखुरा वेगवान गोलंदाज, आणि घरात ग्लोव्हजचं दुकान.

मग ‘इंग्लंड काउंटी शिबिर’ आलं, 449 रुपयांचं. हे घेताना मात्र मला तिळमात्र संकोच वाटला नाही, कारण यामागे इतिहास आहे. 2005-06 मध्ये झहीर भारतीय संघाबाहेर फेकला गेला होता. 2006 च्या मोसमात तो वूस्टरशायरला गेला, रनअप आखडता घेतला, जुना चेंडू कसा वापरायचा ते तिथल्या गारठ्यात शिकला आणि त्या मोसमात प्रथम श्रेणीचे 78 बळी घेऊन परत आला. पुढच्या वर्षी ट्रेंटब्रिजच्या कसोटीत तो फलंदाजीला आला तेव्हा इंग्लंडच्या पोरांनी खेळपट्टीवर जेलीच्या गोळ्या टाकून ठेवल्या. गडी भडकला. सामन्यात नऊ बळी काढले, आणि 1986 नंतर पहिल्यांदा आपण इंग्लंडमध्ये मालिका जिंकलो. सबंध क्रिकेटच्या इतिहासात खेळाडूला इतक्या स्वस्तात मिळालेली ताकद दुसरी नसेल. जेलीच्या गोळ्या, त्याही समोरच्याच्या खर्चाने.

माझं शिबिर चार सेकंदांत झालं. एक हिरवं मैदान दिसलं, एक चर्च दिसलं, आणि वेग +2.

बिंग फुटलं ते घरच्या बँकेत. बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. आमचं जोड खातं एका राष्ट्रीयीकृत बँकेत आहे आणि त्यातूनच माझा यूपीआय चालतो, ही माझी तांत्रिक चूक. आयकराच्या कामासाठी पासबुक भरून घ्यायला शनिवारी ती मला घेऊन गेली. बँकेत पासबुकाचं नवं मशीन आलंय. तोंडात पासबुक सरकवलं की ते कर्रकर्र छापतं आणि पान भरलं की खणखणीत बाईच्या आवाजात सांगतं, ‘‘कृपया पुढील पान उघडा.’’

कर्रकर्र. ‘‘कृपया पुढील पान उघडा.’’

मागे रांग होती. सगळ्यात पुढे बसस्टँडसमोरचे रसवंतीवाले मामा, आमच्या शाखेचे दहा वर्षांचे पिग्मी खातेदार.

कर्रकर्र. ‘‘कृपया पुढील पान उघडा.’’

‘‘अहो, एवढं काय छापतंय हे?’’ बायको म्हणाली. मी म्हणालो, शाई पसरत असेल. तिने पासबुक हातात घेतलं आणि चष्मा कपाळावरून खाली ओढला. ती वह्या तपासते तेव्हाही असाच ओढते.

‘‘एकोणनव्वद. एकोणनव्वद. एकोणनव्वद. चारशे एकोणपन्नास. एकोणनव्वद.’’ उजळणी घेतल्यासारखी ती मोठ्याने वाचत होती. ‘‘अहो, रोज कोणाला देता हे?’’

माझ्या तोंडून शब्द फुटायच्या आत मामांनी मान पुढे काढून पासबुकात डोकावलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

‘‘साहेब, तुमची बी पिग्मी हाय व्हय? आन् भायेरच्या संस्थेत?’’

बँकेत शांतता पसरली. आपल्या पतसंस्थेचा शाखाधिकारी स्वतःची पिग्मी दुसरीकडे भरतो, ही बातमी बाजारात गेली तर दुसऱ्या दिवशी ठेवी काढायला रांग लागेल. मी घाईघाईने म्हणालो, ‘‘नाही हो मामा, ही वेगळी योजना आहे.’’

‘‘व्याज काय देत्यात?’’

‘‘कमी आहे.’’

‘‘तरी?’’

बायको चष्म्यावरून माझ्याकडे बघत होती. तिलाही आकडा ऐकायचा होता.

घरी चौकशी समिती बसली. चिरंजीव साक्षीदार. त्याने फोन घेऊन माझा खेळाडू उघडला. सोन्याचे बूट, काउंटीचं प्रमाणपत्र, ग्लोव्हजचे एकवीस जोड आणि मिशी. त्याच्या आईने विचारलं, ‘‘एवढं घेतलंय तर निदान जिंकतात तरी का?’’

‘‘बघू की,’’ तो म्हणाला आणि माझ्याशी सामना लावला.

त्याचा खेळाडू सडा होता. जुने बूट, फुकटचे केस. पण पोरगं रोज रात्री सराव लावून झोपायचं आणि सकाळी उठून एक गुण उचलायचं. शिवाय चेंडू पडायच्या आधी माझ्या मनगटाचा इशारा त्याला कळत होता. मी 131 च्या वेगाने टाकत होतो आणि तो त्याच वेगाने प्रेक्षकांत पाठवत होता. समालोचक पुन्हा हवामानावर आला.

‘‘आई, याला ‘पे टू विन’ म्हणतात,’’ सामना संपल्यावर त्याने समजावून सांगितलं. ‘‘म्हणजे पैसे भरून जिंकणारे. पप्पा पैसे भरून हरतात. त्याला नाव नाहीये अजून.’’

तेवढ्यात पडद्यावर सूचना आली. खेळाची नवी आवृत्ती येत होती. नवी मैदानं, नवे गणवेश, नवा मोसम. जुना खेळाडू नव्या आवृत्तीत येणार नव्हता. निष्ठावंत खेळाडूंना कंपनीतर्फे प्रेमाची भेट म्हणून 500 नाणी. मी हिशेब केला, त्यात पाण्याची बाटली येत होती. आमच्या संस्थेने ‘नवीन वर्ष सुरू झाले, जुन्या ठेवी सोबत आणता येणार नाहीत, ही घ्या बाटली’ अशी नोटीस लावली असती, तर सहकार खात्याच्या आधी रसवंतीवाले मामा पोचले असते, उसाचं दांडकं घेऊन.

बायकोने शिक्षा सुनावली नाही. तिने आमच्याच संस्थेत तिच्या नावाने खातं काढलं, पिग्मीचं, रोज 89 रुपये. भरणार मी. आता संध्याकाळी आमचाच एजंट माझ्याच टेबलासमोर उभा राहतो. मी नव्वदची जुळणी करून देतो, तो रुपया परत करत नाही, मशीन पावती ओकतं. भाषणातली माझी वाक्यं तो मला ऐकवत नाही, हा त्याचा चांगुलपणा. पाणी मात्र आधी मागतो.

परवा तो आला तेव्हा फोन टेबलावर उघडाच पडला होता. नवी आवृत्ती. एक रुपयाही घालायचा नाही या अटीवर घरातून परवानगी मिळालेली. पावती फाडता फाडता त्याने पडद्याकडे नजर टाकली, मागेपुढे बघितलं आणि आवाज खाली आणला.

‘‘साहेब, मिशी घेऊ नका एवढ्यात. दिवाळीत निम्म्या हिऱ्यांत लावत्यात.’’